सवय, परंपरा आणि निर्णय : खान्देशातील ख्रिस्ती उपासनेचा विचार

१. प्रश्नाची मांडणी

धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतल्या बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारची उपासना ठरलेल्या वाटेने जाते. गीत, प्रार्थना, शास्त्रवाचन, पुन्हा गीत, अर्पण, संदेश आणि शेवटी आशीर्वाद. महिन्याच्या एखाद्या ठरावीक रविवारी प्रभुभोजन होते. लग्नात वधू पांढऱ्या पोशाखात येते, हळदीवरून घरात वाद होतो, आणि विधी संध्याकाळच्या आत उरकायची घाई असते. हे सगळे असेच का, असे विचारले तर दोन उत्तरे मिळतात : ‘शास्त्रात आहे’ किंवा ‘पहिल्यापासून चालत आले आहे’. यांतले पहिले उत्तर पुष्कळदा चुकीचे असते. दुसऱ्या उत्तरातले ‘पहिल्यापासून’ शंभर-सव्वाशे वर्षांपलीकडे क्वचितच जाते.

या लेखाचे प्रतिपादन असे : ज्याला आपण परंपरा म्हणतो, ती प्रथा एके काळी कोणीतरी, कोणत्या तरी गरजेपोटी घेतलेला निर्णय असते. काळाच्या ओघात गरज विसरली जाते आणि कृती उरते. अशी कृती जुनी म्हणून वाईट ठरत नाही, आणि जुनी म्हणून पवित्रही ठरत नाही. मंडळीने ती पुन्हा निर्णयाच्या कक्षेत आणली पाहिजे. तपासून ठेवलेली प्रथा ही खरी परंपरा. न तपासता चालू राहिलेली प्रथा ही केवळ सवय.

खान्देशातला ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रातली एकूण ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहूनही किंचित कमी होती. लहान समाज आपली ओळख जपण्यासाठी बाह्य रूपांना घट्ट धरतो. ते समजण्यासारखे आहे. पण ओळख नेमकी कशात आहे हे ठरवले नाही, तर समाज टरफल राखतो आणि गर गमावतो. म्हणून हा प्रश्न निव्वळ पोथीतला नाही. मंडळीच्या जगण्याचा आहे.

२. सवयीची दोन अंगे

विल्यम जेम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १८९०च्या आपल्या ग्रंथात सवयीवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. सवय लक्ष वाचवते, हा त्यातला मुख्य मुद्दा. जी कृती अंगवळणी पडली तिच्यावर मन खर्ची पडत नाही, आणि ते मन दुसरीकडे लावता येते. उपासनेच्या बाबतीत हा लाभ मोठा आहे. ज्या आजीला अक्षरओळख नाही, तिला पाठ असलेले पद हेच तिचे शास्त्र असते. घरात मृत्यू झाला असता स्वतःचे शब्द सुचत नाहीत. तेव्हा प्रभूची प्रार्थना सगळ्यांच्या तोंडी आपोआप येते आणि दुःखाला वाट मिळते. पुनरावृत्ती नसती तर हे झाले नसते. सवयीला सरसकट दोष देणारा माणूस उपासनेचा अर्धा भाग विसरतो.

सवयीचे दुसरे अंगही याच गुणातून येते. लक्ष वाचते म्हणजे लक्ष हटतेही. ओठ चालत राहतात, मन हजर नसते. त्याहून गंभीर गोष्ट अशी की ज्यांना ती सवय सोयीची आहे, त्यांना तिचा त्रास कोणाला होतो हे दिसेनासे होते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात येशूने ‘कुर्बान’च्या प्रथेवर टीका केली ती याच कारणासाठी. देवाला वाहिले असे म्हटले की आईबापांच्या पोषणाची जबाबदारी टळत होती. प्रथा धार्मिक होती, बोजा मात्र म्हाताऱ्या आईबापांवर पडत होता. प्रथेची किंमत कोण मोजतो, हा निकष त्याने तिथेच घालून दिला.

३. खान्देशातील मंडळ्यांची घडण

आजच्या सवयी कुठून आल्या हे कळण्यासाठी इथल्या मंडळ्या कशा घडल्या ते पाहावे लागते. १९०६ साली जुन्या खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले. तेच पुढे जळगाव आणि धुळे. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या टापूत ख्रिस्ती उपासना एका प्रवाहाने आलेली नाही.

ए. बी. सिम्प्सन यांनी अमेरिकेत उभारलेल्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम वऱ्हाडात अकोल्याच्या बाजूला आणि पूर्व खान्देशात भुसावळ-चाळीसगाव भागात रुजले. पश्चिम खान्देशात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केले. फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश सुवार्तिकाने १८९० साली शिकागोत स्थापन केलेली ही संस्था १९४९पासून ‘टीम’ या नावाने ओळखली जाते. नवापूर तालुक्यातले चिंचपाड्याचे रुग्णालय याच कामातून उभे राहिले. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत इंग्रज आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांमुळे इंग्रजी उपासनेची वेगळी धारा आली. कॅथलिकांच्या बाबतीत हे जिल्हे १९८७ साली पुण्यापासून वेगळ्या झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात.

यातून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अलायन्स आणि टीम या दोन्ही मिशन एकोणिसाव्या शतकातल्या पुनरुज्जीवन सभांच्या वातावरणात घडल्या. उपदेश मध्यवर्ती, विधी कमी, प्रार्थना उत्स्फूर्त, आणि संदेशानंतर ‘आज निर्णय घ्या’ असे आवाहन. त्यामुळे खान्देशातले अनेक विश्वासी ‘आमच्यात विधी नाहीत, आम्ही फक्त शास्त्राप्रमाणे चालतो’ असे मनापासून म्हणतात. पण पुढे येऊन निर्णय जाहीर करण्याच्या पद्धतीला अमेरिकेत चार्ल्स फिनी यांनी १८३०च्या सुमारास ठाशीव रूप दिले. विधी नसणे हाही एक विधी असू शकतो, आणि त्याचाही इतिहास असतो. कॅथलिक मिस्सेतली कृती तपासावी आणि आपले आवाहन न तपासता शास्त्रोक्त मानावे, हा न्याय नाही.

४. प्रथांचे थर

तपासणीला वर्गीकरण लागते. या बाबतीत इसवी सन ४००च्या सुमारास ऑगस्टीनने जानुआरियस नावाच्या गृहस्थाला लिहिलेले पत्र आजही उपयोगी आहे. ऑगस्टीनची आई मोनिका मिलानला आली, तेव्हा तिथली मंडळी शनिवारी उपास करत नाही हे पाहून ती गोंधळली. बिशप अँब्रोजचे मत विचारले गेले. रोमला असतो तेव्हा तिथल्याप्रमाणे उपास करतो, मिलानला करत नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय होता. या प्रसंगाच्या आधारे ऑगस्टीनने शास्त्राने घालून दिलेल्या गोष्टी, जगभरच्या मंडळीने पाळलेल्या गोष्टी आणि स्थळानुसार बदलणाऱ्या गोष्टी यांत फरक केला.

आपल्या संदर्भात पहिल्या थरात बाप्तिस्मा, प्रभुभोजन, वचन, प्रार्थना आणि गरिबांची काळजी येते. दुसऱ्या थरात रविवार, पुनरुत्थानाचा सण, नाताळ यांसारख्या गोष्टी. त्या फार जुन्या आणि व्यापक आहेत, तरी त्यांची घडण इतिहासात दिसते : कॉन्स्टंटाईनने ३२१ साली रविवारच्या विश्रांतीचा कायदा केला, आणि २५ डिसेंबरला ख्रिस्तजन्म साजरा होत असल्याची रोममधली नोंद ३३६ सालची आहे. तिसऱ्या थरात बाके, पोशाख, वाद्ये, उपासनेची वेळ, पेल्याचा प्रकार, लग्नाची रीत.

याला चौथा थर जोडणे भाग आहे : परिस्थितीने लादलेल्या गोष्टी. एका पाळकाकडे अनेक गावे असली की प्रभुभोजन महिन्यातून एकदाच होते. त्यामागे सिद्धान्त नसतो, माणसांची कमतरता असते. पण दोन पिढ्या गेल्या की ती कमतरताच नियमासारखी पाळली जाते. मंडळ्यांतले बरेच वाद तिसऱ्या आणि चौथ्या थरातल्या गोष्टी पहिल्या थरात नेऊन बसवल्यामुळे होतात.

५. चार कसोट्या

प्रत्येक प्रथेला पुढील चार प्रश्न क्रमाने विचारावेत.

पहिला, उगम : ही प्रथा कुठून आली, आणि ती वरीलपैकी कोणत्या थरातली?
दुसरा, कार्य : ज्यांनी ती सुरू केली त्यांना तिच्यातून काय साधायचे होते?
तिसरा, आजचा अर्थ : आज, या गावात, या माणसांना ती काय सांगते?
चौथा, किंमत : तिच्यामुळे कोणावर ओझे पडते, आणि कोण बाहेर राहते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर निर्णायक नसते, हे आवर्जून सांगायला हवे. परक्या उगमाची गोष्ट आपली होऊ शकते. बाजाची पेटी याची साक्ष आहे. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये घडले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी त्याला हाताने भाता मारण्याचे, जमिनीवर बसून वाजवण्याचे रूप दिले. आकाशवाणीने १९४०पासून सुमारे तीन दशके त्याला बंदी घातली, कारण ते विदेशी मानले गेले. तरीही भजन, कीर्तन, नाटक यांतून पेटी मराठी झाली. पेटीच्या सुरावर पद म्हणणाऱ्या नवापूरच्या मंडळीला ते वाद्य परके आहे असे सांगण्यात अर्थ नाही. उगम सांगतो प्रथा कशी आली. ती ठेवायची की नाही, हे उरलेले तीन प्रश्न ठरवतात.

६. कसोट्यांचा उपयोग

(अ) लग्न. पांढऱ्या पोशाखाची रीत युरोपात सर्वमान्य झाली ती व्हिक्टोरिया राणीच्या १८४०च्या लग्नानंतर. वधूच्या प्रवेशाला वाजणारी प्रसिद्ध धून वाग्नरच्या १८५०च्या ऑपेरातली. शास्त्राशी या दोन्हींचा संबंध नाही. पांढऱ्या रंगाने तिथे निर्मळपणा सुचवला. महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत मात्र पांढरे लुगडे वैधव्याशी जोडलेले होते. दुसरीकडे हळद ‘बाहेरची’ म्हणून अनेक मंडळ्या तिच्यावर बोट ठेवतात. दोन्हींना एकच कसोटी लावू. हळदीचे कार्य काय? दोन्ही घरच्या बायाबापड्यांनी वधूवरांना हात लावून आपलेसे करणे. त्या विधीत देवकाची पूजा किंवा इतर उपासना मिसळली असेल तर विश्वासी माणसाला ती सोडावी लागेल. निव्वळ हळद लावणे, गाणी म्हणणे, एकत्र जेवणे यांत आक्षेपार्ह काय, हे ज्याने त्याने दाखवून द्यावे. वाग्नर चालतो आणि अहिराणी गाणे चालत नाही, असा नियम करायचा तर त्याला शास्त्राचा आधार लागेल, आणि तो आधार नाही.

लग्नाच्या वेळेचे उदाहरण त्याहून बोलके आहे. सूर्यास्तानंतर ख्रिस्ती लग्न लागत नाही, ही पुष्कळांना धर्माज्ञा वाटते. प्रत्यक्षात १८७२च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याच्या दहाव्या कलमाने, काही अपवाद सोडून, सकाळी सहा ते संध्याकाळी सात ही वेळ घालून दिली. कायदा पाळलाच पाहिजे. पण कायदा कायदा म्हणून पाळावा आणि धर्म धर्म म्हणून. दोन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या पिढीला खरे कारण सांगणारा कोणी उरत नाही.

(आ) प्रभुभोजन. हे पहिल्या थरातले आहे; त्याचे रूप मात्र तिसऱ्या थरातले. कॅथलिक मंडळीत गव्हाची भाकर आणि द्राक्षारस हे धर्मविधानानेच ठरलेले आहे. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना त्याहून अधिक मोकळीक आहे, आणि ती आधीच वापरली गेली आहे. न आंबवलेला द्राक्षरस वापरण्याची रीत थॉमस वेल्च या अमेरिकी मेथडिस्टाने १८६९ साली रस टिकवण्याची पद्धत काढल्यानंतर पसरली. प्रत्येकाला वेगळा चिमुकला पेला देण्याची पद्धतही अमेरिकेतच, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, रोगजंतूंच्या धास्तीने आली.

आपल्याकडे मात्र एका पेल्याला निराळाच अर्थ होता. या देशात कोणाच्या हातचे पाणी कोण पितो, यावर माणसाची पायरी ठरत असे. १८३३ साली कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी तमिळ मंडळ्यांना पत्र लिहून मंडळीतले जातिभेद बंद करण्याचा आग्रह धरला, तेव्हा वेगळ्या बैठकीचा आणि प्रभुभोजनातल्या वेगळेपणाचाच प्रश्न होता. जिथे महार, मांग, भिल्ल आणि इतर समाजांतले लोक एका मंडळीत आले, तिथे एका पेल्यातून पिणे ही जातिअंताची जाहीर कृती होती. वेगळे पेले आले तेव्हा आरोग्य साधले असेल. पण ही साक्ष हरवली याची चर्चा किती मंडळ्यांनी केली? वेगळे पेले ठेवायचे असतील तर जरूर ठेवावेत. मग एकत्र बसून जेवण्याची, एकाच भाकरीचे तुकडे वाटून घेण्याची अशी कृती जोडावी, जिच्यातून तोच अर्थ डोळ्यांना दिसेल.

(इ) वेळ आणि वर्ष. या बाबतीत सवयीची किंमत सर्वांत जास्त आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली दहा ते बारा उपासना घेणे म्हणजे म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असलेल्या बायांना घरी बसवणे. सकाळी सातची किंवा संध्याकाळची उपासना कोणत्याही सिद्धान्ताला धक्का लावत नाही. ज्या गावचा आठवडे बाजार रविवारी भरतो, तिथे हा विचार आणखी निकडीचा आहे. रोजावर जाणाऱ्या माणसाचा आठवड्याचा बाजारहाट त्याच वेळी असतो.

वर्षाचा प्रश्न याहून खोल आहे. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यातली हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जातात. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांकडे जाणारी त्यांत पुष्कळ. ती उन्हाळ्यात परततात. म्हणजे नाताळ, उत्तम शुक्रवार आणि बऱ्याचदा पुनरुत्थानाचा रविवार हे तिन्ही दिवस त्यांना फडाजवळच्या खोपीत काढावे लागतात. मंडळीचे वार्षिक कार्यक्रम, मुलांचे बाप्तिस्मे, कमिटीच्या निवडणुका या सगळ्यांचे वेळापत्रक घरी राहणाऱ्यांच्या हिशेबाने आखलेले असते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात पौल ज्या गोष्टीवर संतापला, तिच्याशी हे ताडून पाहावे. तिथे काहींचे भरपेट जेवण होई आणि काही उपाशी राहत. एकमेकांसाठी थांबा, असे त्याने बजावले. ऊसतोड करणाऱ्या भावंडांसाठी आपण थांबतो का?

थांबण्याचे मार्ग आहेत. उपकारस्तुतीचा सण आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास घ्यावा. आधुनिक हंगामाचा सण कॉर्नवॉलच्या रॉबर्ट हॉकर या पाळकाने १८४३ साली रूढ केला, तो तिथल्या शरद ऋतूतल्या कापणीला धरून. खान्देशात आखाजीला माणसे घरी असतात, लेकी माहेरी येतात, सालदाराचे साल बदलते. त्या सणातले पितरांचे विधी पाळायचे नसले तरी ती वेळ निवडायला हरकत नाही. शिवाय पाळकाने आणि वडिलांनी हंगामात एकदा तरी फडावर जाऊन तिथे प्रभुभोजन द्यावे. मंडळी म्हणजे माणसे, इमारत नव्हे, हे आपण नेहमी म्हणतो. ते खरे करण्याची ही जागा आहे.

(ई) भाषा. पौलाने त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात न समजणाऱ्या भाषेतल्या उपासनेने दुसऱ्याची उन्नती होत नाही, असा युक्तिवाद केला. कॅथलिक मंडळीने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, ४ डिसेंबर १९६३च्या उपासनाविषयक दस्तऐवजाद्वारे, लोकभाषेला वाव दिला आणि शतकानुशतकांच्या लॅटिननंतर मराठी मिस्सा शक्य झाली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना ही अडचण आधीपासून नव्हती, असे आपण मानतो. पण मावची किंवा पावरी बोलणाऱ्या बाईला छापील मराठी ही शाळेची भाषा आहे. तिच्या प्रार्थनेतले शब्द पाळकाच्या शब्दांची नक्कल होतात, कारण देवाशी बोलायची भाषा वेगळी असते असा तिचा समज आपणच करून दिला. साक्ष, प्रार्थना आणि निदान काही गाणी मावची, पावरी, अहिराणीत झालीच पाहिजेत.

७. ‘देशी’ म्हणजे कोणाचे?

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग परके टाकावे आणि देशी घ्यावे. हा उपाय वाटतो तेवढा सरळ नाही. मराठी ख्रिस्ती इतिहासात त्याचे थोर प्रयत्न झाले. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ‘ख्रिस्तपुराण’ ओवीत रचले. ते १६१६ साली गोव्यात राशोलला छापले गेले. रोमच्या प्रचार मंडळाने १६५९ साली आशियात जाणाऱ्या धर्मगुरूंना बजावले की तिथे युरोप नेऊन रुजवू नका, श्रद्धा न्या. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला, पण शाकाहार सोडला नाही, आणि आपल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नको, असा प्रश्न आपल्या मार्गदर्शक भगिनींना विचारला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी संतपरंपरेच्या वळणावर पदे आणि अभंग रचले. आजचे ‘उपासनासंगीत’ त्यांच्यावाचून कल्पिता येत नाही. १९१७ साली त्यांनी मिशनच्या वेतनाची चाकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ख्रिस्ताला मानणे म्हणजे मिशनच्या आवारात राहायला येणे, ही त्या काळची सर्वांत घट्ट सवय त्यांनी मुळापासून हलवली. कॅथलिक बाजूला २५ एप्रिल १९६९ रोजी रोमने भारतासाठी बारा बदलांना मान्यता दिली : मांडी घालून बसणे, गुडघे टेकण्याऐवजी हात जोडून नमन, मेणबत्तीऐवजी तेलाचे दिवे, आरती इत्यादी.

या सर्वांचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न विचारावा लागतो. रमाबाई आणि टिळक ब्राह्मण घरांतून आले होते. संस्कृत आणि संतवाङ्मय हा त्यांचा सहज वारसा होता. मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग मात्र ज्या जातीजमातींतून आला, त्यांना संस्कृत कधी ऐकूही दिले गेले नव्हते. मराठी भाषक ईशशास्त्रज्ञ अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात हाच मुद्दा मांडला. भारतीय ख्रिस्ती विचार उच्चवर्णीय परंपरेशी संवाद साधत राहिला आणि दलितांचा अनुभव बाजूला पडला, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्या दलित ईशशास्त्राची ती सुरुवात ठरली. साक्री-नवापूरच्या डोंगरातल्या भिल्ल विश्वासी माणसाला समईची आरती ही स्टॉकहोमच्या ऑर्गनइतकीच दूरची असू शकते. त्याचे देशीपण ढोलात, पावरी या वाद्यात, रात्रभर फेर धरून गाण्यात आहे. म्हणून ‘देशी की परके’ या प्रश्नाऐवजी ‘कोणाचे, आणि कोणाला जवळ आणणारे’ हा प्रश्न अधिक नेमका आहे. चौथी कसोटी स्वदेशीकरणालाही लावली पाहिजे.

८. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : तपासणी सुरू केली की काहीच शिल्लक राहणार नाही. अनुभव याउलट आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. काहींत बालकांचा बाप्तिस्मा होत असे, काहींत केवळ जाणत्या वयातला. एकत्र यायचे म्हटल्यावर प्रत्येकीला आपली रीत का आहे हे मांडावे लागले. निष्कर्ष असा निघाला की दोन्ही रीती मान्य करून एक मंडळी होता येते. कोणाचा बाप्तिस्मा नाहीसा झाला नाही. उलट त्यामागचे कारण पुन्हा बोलले गेले.

दुसरा आक्षेप : बदलाने म्हातारी माणसे दुखावतात. हा आक्षेप खरा आहे आणि त्याची दखल घेतलीच पाहिजे. ज्यांनी उपहास आणि बहिष्कार सोसून मंडळी टिकवली, त्यांच्या स्मृतीचा आधार काढून घेणे हा अन्याय होईल. म्हणून पाठ असलेली पदे, प्रभूची प्रार्थना, दफनविधी यांना हात लावताना फार जपावे. प्रेषितांच्या कृत्यांतल्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमच्या सभेने इतर राष्ट्रांतून आलेल्यांवर सुंतेचे ओझे लादले नाही. पण यहुदी विश्वासणाऱ्यांनाही आपली रीत सोडायला लावली नाही. ओझे काढावे आणि आधार ठेवावा, हे ते सूत्र.

तिसरा आक्षेप : तरुण मंडळ्यांनी परंपरा केव्हाच सोडली आहे, मग हा विचार कशाला? परंपरा सोडल्याने सवय सुटत नाही. की-बोर्ड, मोठे ध्वनिवर्धक, पडद्यावर उमटणारी हिंदी गीते, सगळ्यांनी एकदम हात उंचावणे, पाळकाच्या बोलण्यातले ठरावीक चढउतार हे सारे कुठून तरी उचललेलेच आहे. त्याचे वय कमी आहे, एवढाच फरक. मराठी पदे आणि आदिवासी चाली मागे पडून सगळीकडे एकाच घाटाची हिंदी गाणी येत असतील, तर चारही प्रश्न तिथेही विचारायला हवेत.

९. कार्यपद्धती आणि निष्कर्ष

विचार कृतीत यायचा तर मंडळीला काही ठोस पायऱ्या लागतील. वर्षातून एक सभा केवळ उपासनेच्या रीतींसाठी ठेवावी. ती ऊसतोडीचे लोक गावी असताना घ्यावी, आणि बायकांना व तरुणांना आधी बोलू द्यावे. एका वर्षी एक किंवा दोनच प्रथा तपासाव्यात. चार प्रश्नांची उत्तरे कमिटीच्या वहीत लिहून ठेवावीत : का ठेवली, का बदलली. बदल एका वर्षासाठी करून पाहावा आणि मग पुन्हा ठरवावा. पाळकाने एकट्याने बदल लादू नये, तसा अडवूही नये. जी प्रथा ठेवायची ठरेल तिचा अर्थ संडे स्कूलमधल्या मुलांना शिकवावा. अर्थ न शिकवता ठेवलेली प्रथा पुढच्या पिढीत पुन्हा सवय होईल.

या पद्धतीने पाहता काही प्रथा तशाच राहतील, काहींचे रूप पालटेल, काही सुटतील. तिन्ही निर्णय सारखेच विश्वासूपणाचे असू शकतात. इंग्रज मिशनरी रॉलंड ॲलन यांनी १९१२ सालच्या आपल्या पुस्तकात मिशनांना विचारले होते की तुमच्या पद्धती पौलाच्या आहेत की तुमच्याच. शंभर वर्षांनंतर तो प्रश्न परदेशी मिशनऱ्यांना विचारण्यात फारसे हशील नाही. ते केव्हाच गेले. आज मंडळी आपल्या हातात आहे, कमिटी आपली आहे, पाळक आपले आहेत. जे चालू आहे त्याची जबाबदारीही आता आपलीच आहे. उपासनेतली प्रत्येक कृती आपण जाणून-समजून निवडली आहे, आणि तिच्यामुळे आपल्यातला सर्वांत दुबळा माणूस बाहेर राहत नाही, एवढे म्हणता आले पाहिजे. ते म्हणता येईल त्या दिवशी खान्देशातल्या मंडळ्यांकडे स्वतःची परंपरा असेल, आणि ती मुलांच्या हाती देण्याजोगी असेल.